पाहिलं का ऐकलं?

लासूर स्टेशनचा गणेश नावाचा कुणी मुलगा आमच्या पलटणीत कधीच नव्हता. तो मी तयार केला. औरंगपुऱ्यातल्या एका दुकानाच्या माळ्यावर, सगळ्यांच्या देखत, चहा पिता पिता तयार केला आणि त्याच्या तोंडी माझं वाक्य घातलं. त्या वाक्यावरून विमलअक्कांनी पलटणीची कमान, म्हणजे कमांडरची जागा, सोडली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, इम्रानला नाही, अक्कांना तर नाहीच.

अक्कांबद्दल लिहायला बसलो की दर वेळी या गोष्टीपाशी येऊन हात थांबायचा. म्हणून ती आधीच सांगून टाकली.

विमल सोनवणे हे त्यांचं नाव. माहेर देवगाव रंगारीचं. सासर कुठलं ते मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. नवऱ्याबद्दल त्या "ते गेले" एवढंच म्हणतात. गेले म्हणजे वारले की निघून गेले, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. वाळूजला आमचं मालवाहतुकीचं ऑफिस आहे. कुठली गाडी निघाली, कुठली अडकली, कुठल्या ड्रायव्हरला कुठल्या ढाब्यावरून उठवायचं, हे सगळं अक्कांकडं. मी तिथंच कॉम्प्युटर सांभाळतो. केस पिकलेले ड्रायव्हर त्यांना अक्का म्हणतात, मालक अक्का म्हणतो, मालकाचा बापही अक्का म्हणायचा.

त्यांचा आवाज मोठा नाही. एकदा आमचा एक ड्रायव्हर पिऊन गाडी चालवतोय असं क्लीनरनं गुपचूप फोन करून कळवलं. दुसऱ्या कुणी शिव्यांचा भडिमार केला असता. अक्कांनी ड्रायव्हरला फोन लावला आणि भाजीवालीशी बोलावं तितक्या शांतपणे म्हणाल्या, "रामभाऊ, गाडी बाजूला घ्या. घेतली? आता चावी काढा. खाली उतरा. क्लीनरकडं चावी द्या. सावलीला बसा. मी हाय लाइनवर." आणि खरंच त्या लाइनवर राहिल्या. कानाला फोन, समोर दुसरी कामं, मधूनच "बसलात ना? बसा." दुसरा ड्रायव्हर तिथं पोचेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. रामभाऊ नंतर ऑफिसात येऊन रडला. अक्का म्हणाल्या, "रडू नका, सुट्टीचा अर्ज द्या."

तर अशा बाई बंदुकांच्या खेळात कशा आल्या, तर माझ्यामुळं. मी जेवणाच्या सुट्टीत दार लोटून खेळायचो. चाळिशी उलटलेला माणूस, घरी कॉलेजात जाणारी मुलगी, आणि इथं हेडफोन घालून लढाई. एक दिवस मान वळवली तर मागं अक्का उभ्या, हातात डबा.

"काय करायलात?"

"टेस्टिंग, अक्का. नवीन कार्ड टाकलंय."

"टेस्टिंगमधी माणसं मरत्यात व्हय?"

त्यांनी खुर्ची ओढली, डबा उघडला आणि भाकरी मोडत पाहू लागल्या. स्क्रीनवर डोंगराळ बेट होतं आणि घाटातून आमचा ताफा चालला होता. सगळ्यात शेवटी एक ट्रक.

"हा ट्रक कोण चालवायलाय?"

"कुणी नाही. कॉम्प्युटरच चालवतो. माणसांना नको असतो तो. सगळ्यांना बंदूक पाहिजे."

"मग गोळ्या सरल्यावर काय करतेत?"

"मरतात."

अक्कांनी घास गिळला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मला शिकवा हे. ट्रकचं."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दिसेल त्याला उडवायचं असा हा खेळ नव्हे. यात खऱ्या सैन्यासारखं वागायचं असतं. नकाशा वाचायचा, रेडिओवर बोलायचं, तासभर चालत जायचं, आणि एक गोळी लागली की तुम्ही संपलात. कुणी डॉक्टर होतो, कुणी मशिनगन उचलतो, एक जण सगळ्यांना हुकूम देतो. आमच्या शहरात असं खेळणाऱ्यांचा एक गट होता, नाव पाणचक्की पलटण. दर रविवारी दुपारी, जेवणं उरकली की आपापल्या घरून आम्ही जमायचो. रेडिओवर कुणाच्या घरचा कुकर शिट्टी मारायचा, कुणाचं पोर रडायचं, कुणी मटण जास्त झाल्यानं पहारा देता देता घोरायचा. खेळ संपला की सगळे मिळून काय चुकलं ते बोलायचो. त्याला आम्ही पंचनामा म्हणायचो.

अक्का पलटणीत आल्या त्या ट्रकवर. अंबाड्यावर हेडफोन बसेना, म्हणून त्याची पट्टी मानेमागून घेऊन अंबाडा थोडा वर बांधायला लागल्या. एका बोटानं टाइप करायच्या. ट्रक उभा करून हुकमाची वाट बघताना मांडीवर मेथी घेऊन निवडायच्या. त्यातून पलटणीत वेळेचं एक मापच निघालं. हल्ल्याआधी किती थांबायचं असं कुणी विचारलं की उत्तर यायचं, "एक जुडी." मोठा पल्ला असला तर दोन.

त्यांना कमान मिळाली ती टँकच्या रविवारामुळं. आमची एक टेहळणीची जोडी गावाच्या कडेला गेली होती. त्यांच्याकडून रेडिओवर आवाज आला, खरखरीत, "शाळेमागं टँक आहे." इम्राननं ते पुढं सांगितलं. इम्रानचं औरंगपुऱ्यात मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिशीतला माणूस, तोंडाचा पट्टा अखंड चालू. त्यानं सांगताना त्यात भर घातली, "टँक आया, बडा है." त्याच्यापुढच्यानं दोन केले. मग काय, आमच्याकडं होती नव्हती ती सगळी रॉकेटं शाळेमागं गेली. धूर खाली बसल्यावर दिसलं, पाण्याची टाकी. अख्खी फुटली होती. तोवर शत्रूनं मागून येऊन आम्हाला झोपवलं.

पंचनाम्यात एकमेकांवर ढकलाढकली सुरू झाली. तेव्हाचा आमचा कमांडर तरुण मुलगा होता, त्याला काही सुचेना. इतक्यात ट्रकवरनं आवाज आला. तोवर अक्का पंचनाम्यात कधी बोलल्या नव्हत्या.

"टँक कुणी पाहिला?"

मग त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली.

"इम्रानभाऊ, तुमी पाहिला का ऐकला?"

"अक्का, मैं तो सुना."

"दिलीपभाऊ, तुमी?"

"ऐकलं," मी म्हणालो.

एकेकाला विचारत त्या पहिल्या माणसापर्यंत गेल्या. तो बिचारा म्हणाला, "मी पाहिला अक्का. पण मी पाण्याचा टँक म्हणालो होतो. शाळेमागं लपायला पाण्याचा टँक आहे, असं."

इम्रान इतका हसला की त्याचा माईक बंद पडला. अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथून पुढं जो बोलंल त्यानं आधी सांगायचं. पाहिलं का ऐकलं. पाहिलं असंल तर पुढं न्यायचं. ऐकलं असंल तर कुणाकडून, नाव घ्यायचं. लोक म्हणतेत, असं रेडिओवर चालायचं नाय. लोक कुणी नसतेत."

तो कमांडर पुढं लग्न करून पुण्याला गेला. नवा कोण, यावर चर्चासुद्धा झाली नाही. पुढच्या रविवारी सगळे अक्कांच्या हुकमाची वाट बघत उभे राहिले, एवढंच.

त्यांचा आणखी एक नियम होता, रेडिओवर सगळ्यांना अहो-जाहो. कालचं आलेलं पोरगं असलं तरी "तुम्ही डावीकडं व्हा." इम्रान वैतागायचा. "अक्का, गोली चल री, और मैं इसको 'आपण वाका' बोलू?" अक्का म्हणायच्या, "व्हय. अरे-तुरे केलं की माणूस आधी चिडतो, मग वाकतो. तेवढ्यात गोळी लागती." आणि मेलेल्यानं बोलायचं नाही, हाही त्यांचाच नियम. गोळी लागून पडलेला माणूस रेडिओवर सूचना देऊ लागला की म्हणायच्या, "तुमचं झालंय. आता जित्यांना करू द्या."

मला अक्का आवडायच्या, हे खरं. पण ज्या दिवशी सगळे त्यांच्या हुकमासाठी उभे राहिले त्या दिवशी माझ्या पोटात दुखलं, हेही खरं. मी हा खेळ त्यांच्या कितीतरी आधीपासून खेळत होतो. नकाशे मला पाठ होते. त्यांना माउस कसा धरायचा ते मी दाखवलं होतं. मी कधी "मला कमांडर व्हायचंय" म्हणालो नव्हतो, कारण मी कधीच काही म्हणत नाही. ऑफिसात, घरी, कुठंच. मला काही हवं असलं की मी म्हणतो, "बऱ्याच जणांचं असं मत आहे की." आयुष्यभर मी माझी मतं दुसऱ्यांच्या तोंडून बोललो.

मग पलटण वाढवायचा विषय निघाला. दुसऱ्या शहरांतल्या गटांबरोबर मोठ्या मोहिमा व्हायच्या. आमची माणसं कमी, म्हणून आम्हाला कायम कोपऱ्यातला पूल राखायला ठेवत. अख्खी दुपार पूल राखायचा, शत्रू यायचाच नाही. इम्रान म्हणायचा, "अपन पलटण नहीं, टोलनाका है." तीन तुकड्या उभ्या राहतील एवढी माणसं मिळवायची, असं ठरलं.

माझा बेत साधा होता. क्लासवाल्या मुलांमध्ये जाहिरात करायची, व्हिडिओ टाकायचे, दार उघडं ठेवायचं, येतील तितके घ्यायचे. अक्कांचा बेत वेगळा. त्या म्हणाल्या, "गाडी घ्यायच्या आधी ड्रायव्हर बघावा लागतो. ड्रायव्हरच्या आधी गाडी लावायला जागा. आधी तुकडीचे म्होरके तयार करू. एकेका म्होरक्यानं एकेक नवा माणूस सांभाळायचा. आणि नव्यानं आधी ट्रकवर बसायचं. सगळ्यांना काय लागतं ते ट्रकवरूनच कळतं."

तसं सुरू केलं. पण नवी मुलं यायची, दोन-चार रविवार ट्रकवर बसायची आणि गायब व्हायची. त्यावर बोलायला अक्कांनी सगळ्यांना समोरासमोर बोलावलं. वीज जाणार म्हणून त्या रविवारी खेळ रद्द होता. इम्रानच्या दुकानाच्या माळ्यावर, कव्हरांच्या खोक्यांमध्ये आम्ही म्होरके मंडळी अंग चोरून बसलो. खालून औरंगपुऱ्याचे हॉर्न, वर बंद पंखा.

अक्का म्हणाल्या, "नवी माणसं टिकत का नायत? खरं बोला. मला वाईट वाटंल म्हणून गप बसू नका."

सगळे काहीबाही बोलले. परीक्षा, नेट, घरचे ओरडतात. माझी पाळी आली. मी तोंड उघडलं आणि सवयीनं म्हणालो, "लोकांचं म्हणणं असं आहे, अक्का..."

"कोण लोक?"

"म्हणजे, एक मुलगा."

"नाव?"

समोर खिडकीतून रस्त्यापलीकडच्या कुठल्याशा दुकानाची पाटी दिसत होती. त्यावर गणेश होतं. "गणेश."

"कुठला?"

"लासूर स्टेशनचा."

"पाहिलं का ऐकलं?"

अजूनही मला तो क्षण आठवतो. तिथं मी थांबू शकलो असतो. "अक्का, हे माझंच मत आहे," एवढं म्हणायचं होतं. कुणी मला खाल्लं नसतं. इम्राननं दोन दिवस टिंगल केली असती, बस.

"ऐकलं," मी म्हणालो. "फोनवर बोलला तो माझ्याशी."

"काय म्हणला?"

"म्हणाला, मी खेळायला आलो होतो, हमाली करायला नाही. तुमच्या अक्का माणसाला माणूस समजत नाहीत, गाडी समजतात. इकडं लाव, तिकडं लाव."

हे वाक्य तिथल्या तिथं सुचलेलं नव्हतं. महिनोन् महिने माझ्या डोक्यात घासून गुळगुळीत झालं होतं. म्हणून तर ते इतकं सफाईनं आलं.

इम्रान म्हणाला, "अरे छोडो ना अक्का, बच्चा होगा कोई."

अक्कांनी हातानं त्याला थांबवलं. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग म्हणाल्या, "बरोबर बोलला पोरगा. मला गाड्यांचीच सवय हाय. इतके दिवस कुणी बोललं नाय."

पुढच्या रविवारी रेडिओवर सगळे जमल्यावर त्यांनी सांगितलं, "आजपासून कमान दिलीपभाऊंकडं. मी ट्रकवर. नव्या माणसाला हमाली वाटती का, ते मी बसून बघते." मी "नको अक्का, असं कसं" वगैरे म्हणालो. किती खोटं म्हणालो ते माझं मला माहीत. "आणि दिलीपभाऊ," त्या म्हणाल्या, "गणेशरावांना कळवा. म्हणावं, अक्का सोता ट्रक चालवायलीय. एकदा येऊन बघा."

मी "कळवतो" म्हणालो. मग "फोन लागत नाही" म्हणालो. मग "नंबर बदललेला दिसतोय."

तेव्हा अक्का लासूरला गेल्या. मला न विचारता, सुट्टीच्या दिवशी, सकाळच्या गाडीनं. सोमवारी ऑफिसात आल्या त्या पिशवीभर कांदे घेऊन, आणि माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या.

"लासूरला लई गणेश हायेत, दिलीपभाऊ."

माझं बोट माउसवरच राहिलं.

"मोबाइलच्या दुकानात विचारलं, कॉम्प्युटरवर लढाई खेळणारा गणेश कोणता. त्यांनी एका गणेशकडं धाडलं, तो न्हावी. त्यानं दुसऱ्याकडं धाडलं, त्याचं आडतीचं दुकान. त्याची माय बाहेर आली, मला बसवलं, चहा केला, आणि म्हणती, मुलगी काय शिकलीय? मी म्हणलं, कोणती मुलगी? ती म्हणती, तुमी पोरगं बघायलाच आलात ना?" अक्का हसल्या. त्यांचं हसू आवाज न करता खांद्यांत येतं. "कांदे तिनंच दिले. म्हणती, सोयरीक नाय तर नाय, रिकाम्या हातानं कशा जाता."

"सापडला का?" मी विचारलं.

"तो नाय सापडला. पण एक ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टवाला गणेश भेटला, चांगला माणूस हाय. मी सगळं सांगितलं तर म्हणला, अक्का, मी कधी खेळलेलो नाय, पण ट्रक चालवायला देत असाल तर येतो. रविवारपासून येतोय." मग गंभीर झाल्या. "पण हा तो नव्हं. त्या पोराला शोधायचं हाय. त्यानं तोंडावर सांगितलं नाय, पण सांगितलं तरी. त्याचे उपकार हायेत."

अशा तऱ्हेनं माझ्या खोट्या गणेशपायी पलटणीला एक खरा गणेश मिळाला. तो अजून आहे आणि उत्तम ट्रक चालवतो.

पुढं जे झालं त्याचं श्रेय लोक मला देतात, कारण कमांडर मी होतो. खरं तर पलटण वाढली ती ट्रकवर. अक्का नव्या माणसाला शेजारी बसवायच्या आणि त्यालाच विचारायच्या, "आता कुणाला काय लागंल असं वाटतं तुमाला?" तो चुकला तरी त्याच्या म्हणण्याप्रमाणं ट्रक न्यायच्या. चुकून पोचलेला माल परत आणताना त्याचा तोच शहाणा व्हायचा. पूजा नावाची नर्सिंगची मुलगी आली होती. तिनं पहिल्याच दिवशी सगळ्या मलमपट्ट्या चुकीच्या टेकडीवर पोचवल्या आणि रडवेली झाली. अक्का म्हणाल्या, "टेकडीला लागलं असंल तर उपयोगी पडतील." ती पूजा आज एका तुकडीची म्होरकी आहे. तिनं आपल्या हॉस्टेलच्या मैत्रिणी आणल्या. त्यांनी भाऊ आणले. ट्रकवर बसायला पाळी लावायची वेळ आली. इम्राननंही अर्ज केला, "अक्का, मेरेकू भी एक संडे ट्रक देव. बंदूक से बोर हो गया." ज्याला मी हमाली म्हणालो होतो, त्यासाठी माणसं भांडत होती. तीन तुकड्या झाल्या, चौथीची माणसं दारात उभी राहिली.

पलटण वाढल्यावरची पहिली मोठी मोहीम मला चांगली आठवते. या वेळी आम्हाला पूल राखायला ठेवलं नव्हतं, बंदर घ्यायचं काम दिलं होतं. मी घाई केली. दोन तुकड्या एकदम पुढं काढल्या, आणि दोन्ही बाजूंनी आमच्यावर मारा सुरू झाला. गोळ्या संपत आल्या, पूजा ओरडत होती, इम्रान मरून पडला होता आणि नियमाप्रमाणं गप्प होता, हे त्याला किती जड गेलं असेल. माझ्या कपाळावर खरा घाम. मी सगळ्यांसमोर रेडिओवर म्हणालो, "अक्का, काय करू?"

सगळे कान टवकारून. त्या क्षणी त्यांनी नुसतं "मागं या" म्हटलं असतं तर कमान परत त्यांच्याकडं गेली असती, आणि कुणाला आश्चर्य वाटलं नसतं.

"कमांडर," अक्का म्हणाल्या, "ट्रक कारखान्याच्या भिंतीमागं उभा हाय. मी पाहिलंय, उजवीकडचा रस्ता मोकळा हाय. तुमी हुकूम द्या, आमी निघतो."

त्यांनी सल्ला दिला नाही. जे पाहिलं तेवढं सांगितलं. पण त्यात सगळं होतं. मी म्हणालो, "ट्रक उजवीकडून आणा. सगळ्यांनी ट्रककडं माघार घ्या." निम्मी पलटण वाचली. गोळ्या भरून आम्ही उजवीकडून परत गेलो आणि बंदर घेतलं.

पंचनाम्यात दुसऱ्या शहराचा एक जण म्हणाला, तुमच्या कमांडरनं आधी घोळ केला होता, नाही का? मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "ट्रक सांगितल्या जागी होता, हुकूम वेळेवर आला. बाकी आमी ट्रकवाले, आमाला तिथून दिसलं नाय." खोटं एक अक्षर नव्हतं, आणि मला झाकूनही घेतलं होतं.

त्या दिवशी मला वाटलं, आता सांगावं. उद्या ऑफिसात. सोमवारी त्या माझ्या टेबलाशी आल्या, मी उठून उभा राहिलो. "अक्का, एक बोलायचं होतं." "बोला की." "प्रिंटर बदलायला पाहिजे." त्या म्हणाल्या, "बदला."

यंदा पलटणीचा पहिला मेळावा घेतला. इतकी वर्षं नुसते आवाज ओळखणारी माणसं एका ठिकाणी यावीत ही इम्रानची कल्पना. औरंगपुऱ्यातच, दुपारी, एका हॉटेलचा वरचा मजला. लोक आवाजावरून एकमेकांना ओळखत होते आणि उंची बघून थक्क होत होते. लासूरचा स्पेअर पार्टवाला गणेश बायकोला घेऊन आला होता. अक्का हिरव्या साडीत, जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेल्या. वर येणाऱ्या प्रत्येक मुलाकडं त्या बघत होत्या. का बघत होत्या ते मला एकट्याला ठाऊक होतं.

जेवणं झाल्यावर पूजा उभी राहिली. म्हणाली, चौथी तुकडी झालीय, पलटण मोठी झालीय, आता अक्कांनी कमान परत घ्यावी, दिलीपकाकांचीही हरकत नसावी. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि त्या वेळी अगदी मनापासून वाजवल्या. आता कमान घेतील, मग सगळं आपोआप फिटेल, असं मला वाटलं.

अक्का उठल्या नाहीत. बसल्या जागी म्हणाल्या, "मला आवडंल. खोटं कशाला बोलू, मला कमान लई आवडायची. ट्रकवर बसून दर रविवारी वाटतं, आता मी असते तर असं केलं असतं." सगळे हसले. "पण मी ती एका माणसाच्या बोलण्यावरून सोडली. त्याला मी गाडीसारखं वागवलं. त्यानं येऊन म्हणलं, अक्का, आता ठीक हाय, तर घेईन. त्याच्याबिगर नाय घेणार. तुमी सगळे चांगलं म्हणता, पण तुमाला लागलं नव्हतं, त्याला लागलं होतं." मग माझ्याकडं वळून, "दिलीपभाऊ शोधायलेत त्याला. सापडंल."

मी मान हलवली. हो म्हणून.

संध्याकाळी सगळे पांगले. मी जिना उतरून खाली आलो तेव्हा अक्का स्कूटी काढत होत्या. अंबाडा सोडून त्यांनी हेल्मेट चढवलं, पदर कमरेला खोचला. समोर एक रिक्षा आडवी लागली होती आणि रिक्षावाला बाहेर उभा राहून कुणाशी तरी वाद घालत होता. अक्का त्याला हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, जरा पुढं घेता? घ्या. आणखी थोडं. बस." रिक्षावाल्यानं भांडण अर्धवट टाकून रिक्षा पुढं घेतली. त्यांनी आरशात मला पाहिलं असावं, एक हात वर केला आणि गर्दीतून गुलमंडीच्या बाजूला वळल्या.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं मी धरत नाही. अक्का आजही दर रविवारी ट्रक चालवतात आणि मी त्यांच्या जागेवर बसून हुकूम देतो. त्यांना ज्याची माफी हवी आहे असा माणूस जगात नाही, ते वाक्य माझं होतं, आणि हे मी त्यांच्या समोर बसून, माझ्या तोंडानं सांगायला हवं. अजून सांगितलेलं नाही.